पत्रावळीची पाळी सगळ्यांची



ऑफिसातल्या जेवणावर लेख लिहायचा म्हटलं की चळवळीतलेच काही मित्र हसतात. "नोकऱ्यांचा बॅकलॉग भरला जात नाही, शिष्यवृत्त्या अडकून पडल्यात, गावोगाव अत्याचार चालू आहेत आणि तुम्ही डब्यात काय न्यायचं यावर डोकं चालवताय?" प्रश्न रास्त आहे. पण आपली नोकरीला लागलेली पिढी दिवसाचे नऊ-दहा तास कुठं काढते? कंपनीत, बँकेत, सरकारी-खासगी ऑफिसात. तिथं पाणवठा वेगळा नाही, चहाचा कप वेगळा नाही, तोंडावर जात विचारायची सोय नाही. मग तिथं जात राहते कुठं? आमचा अनुभव असा की ती यादीत राहते. कोणी काय आणायचं या यादीत.

हल्ली ऑफिसांमध्ये 'पॉटलक' नावाचा प्रकार आलाय. प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा, सगळे पदार्थ एका टेबलावर मांडायचे आणि मिळून जेवायचं. कल्पना चांगली आहे. समतेची वाटावी अशी आहे. म्हणूनच ती नीट तपासून घेतली पाहिजे.

आम्ही म्हणजे पाबळच्या एकाच वस्तीतले तिघं. दोघं सख्खी बहीणभाऊ, तिसरा शेजारचा मित्र. शिक्रापूर-चाकण पट्ट्यातल्या एका कंपनीच्या ऑफिसात आम्ही कामाला आहोत. गेल्या 31 डिसेंबरला तिथं पॉटलक ठरलं. मोबाईलवर तक्ता आला. रकाने असे: नाव, मुख्य पदार्थ, तोंडीलावणं, गोड, इतर. वर सूचना होती, 'आपापल्या घरचा पारंपरिक पदार्थ आणावा.' खाली दुसरी सूचना, 'सर्व पदार्थ शाकाहारी असावेत, उग्र वासाचे पदार्थ टाळावेत.' बाकी सगळ्यांच्या नावापुढचे रकाने मोकळे होते. आमच्या तिघांच्या नावापुढं मात्र 'इतर'च्या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं. एकाला कागदी पत्रावळी आणि ग्लास, एकीला पाण्याच्या बाटल्या, एकाला कोल्ड्रिंक. त्याआधीच्या वर्षीही हेच होतं.

विचारलं तेव्हा उत्तर गोड मिळालं. "तुम्ही लांबून येता, तुम्हाला कशाला स्वयंपाकाचा त्रास!" आमच्यापेक्षा लांबून, शिरूरहून रोज येणाऱ्या सहकाऱ्यानं मात्र मोकळ्या रकान्यात 'घरची बासुंदी' भरली होती. त्यांच्या त्रासाची काळजी कुणाला वाटली नव्हती.

यादी करणाऱ्या माणसाच्या मनात काही वाईट होतं असं आम्ही म्हणणार नाही. तो माणूस आमच्याशी नीट बोलतो, अडचणीत सुट्टी अदलून देतो. तरीही आमची नावं बघून त्याच्या हातानं पत्रावळी लिहिली. व्यवस्था चालते ती अशीच. तिला दर वेळी दुष्ट माणूस लागत नाही, सवय पुरते. बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात दाखवून दिलं की जात ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक उतरंड लावलेली. आमच्या ऑफिसातला तक्ता त्याच उतरंडीचा छोटा नकाशा होता. कोणी रांधायचं, कोणी वाढायचं, कोणी लाकडं फोडायची आणि उष्टं कोणी उचलायचं, हे गावात जन्मानं ठरलेलं होतं. लग्नघरची लाकडं महारानं फोडायची आणि पंगती उठल्यावर शेवटी जे उरेल ते घ्यायचं. आता लाकडांची जागा कागदी पत्रावळीनं घेतली.

आम्ही आमच्या नावापुढचं लिहिलेलं खोडलं आणि तिघांनी मिळून तोंडीलावण्याच्या रकान्यात नाव घातलं. पदार्थ नंतर कळवतो म्हणून सांगितलं. लगेच एकानं गमतीत टाकलं, "पाबळचे ना तुम्ही? मग मस्तानीच आणा!" सगळे हसले. पाबळला मस्तानीची कबर आहे. ते गाव पेशव्यानं तिला इनाम दिलेलं. तिच्या पोटच्या पोराची मुंज लावायला पुण्याच्या ब्राह्मणांनी नकार दिला. त्याच पुण्यात आज तिच्या नावानं आइस्क्रीम घातलेलं दूध ग्लासावर ग्लास रिचवलं जातं. जिला पंगतीत घेतलं नाही तिचं नाव गोड लागतं. आम्ही एवढंच म्हणालो, "मस्तानी पुण्यात मिळते. आमच्याकडचं आमच्याकडून घ्या."

आता मुख्य पदार्थ सोडून तोंडीलावणंच का? कारण या शब्दातच आपला इतिहास आहे. ज्याच्या ताटात वरण, भात, पोळी, भाजी, गोड असं सगळं असतं, त्याला चटणी, ठेचा, झुणका ही 'तोंडी लावायची' वस्तू. चवीपुरती, ताटाच्या कडेची. आपल्या घरात भाकरीबरोबर जे काही असेल त्याला कोरड्यास म्हणतात. "आज कोरड्यास काय केलंय?" या प्रश्नाचं उत्तर कधी ठेचा, कधी सुकट, कधी कांदा बुक्कीनं फोडून. तेच जेवण होतं. त्याच्यापलीकडं ताटात दुसरं काही नव्हतं. पाबळ हा पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख. बाजरी, हुलगा, मटकी, कांदा यावर माणसं जगली, आणि ज्यांच्याकडं जमीन नव्हती ती दुसऱ्याच्या बांधावरची पात आणि रानातली घोळ-तांदुळजा खुडून जगली. तुमचं तोंडीलावणं हे आमचं पूर्ण जेवण होतं, हे त्या टेबलावर मांडणं आम्हाला गरजेचं वाटलं.

घरी विषय निघाला तेव्हा तीन मतं पडली आणि तिन्हींवर वाद झाला.

आई म्हणाली, "आरं, वेफर्सचे दोन मोठे पुडे न्या. सीलबंद असलं म्हंजी कुणाच्या हातचं, त्ये कुणी इचारत नाय." आईनं उभ्या आयुष्याचा अनुभव एका वाक्यात सांगितला. कारखान्यात भरलेल्या पुड्याला हिरवा ठिपका असतो, जात नसते. आपली कितीतरी मुलं ऑफिसात अशीच वागतात. बेकरीतली खारी, दुकानातली भेळ, डब्यातले गुलाबजाम. महाग पडतं, पण प्रश्न येत नाही. त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. भाड्याची खोली, नवी नोकरी, वरचा साहेब, यात प्रत्येकाला रोज लढता येत नाही. पण हे सोय म्हणून आहे की भीती म्हणून, हे ज्यानं त्यानं स्वतःशी तरी स्पष्ट ठेवावं.

काकी म्हणाली, "सुकट न्या. तव्यावर भाजून, कांदा-मिरची घालून. चाटून पुसून खातील." शेजारच्या मित्राचं मत त्याच्याही पुढचं. तो म्हणाला, "पारंपरिक म्हणतात ना? मग चान्याच नेऊ. बघू कुणाची परंपरा मोजतात ते." त्याचा राग आम्हाला कळतो. 'पारंपरिक' म्हटलं की पुरणपोळी, अळूवडी, बासुंदी. आपल्या घरची रक्ती, वजडी, चान्या या परंपरेत बसत नाहीत. पाककृतींच्या पुस्तकातही त्यांना जागा नव्हती. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं 2009 साली दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर पुस्तक काढलं, 2015 साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं, तेव्हा कुठं ही ताटं छापील कागदावर दिसू लागली. आणि 'उग्र वास' म्हणजे नेमका कुणाच्या स्वयंपाकाचा वास? हिंगाच्या फोडणीचा, मुळ्याच्या भाजीचा वास कुणाला उग्र वाटत नाही. सुकटीचाच वाटतो.

तरीही आम्ही चान्यांना आणि सुकटीला नाही म्हटलं, आणि त्याचं कारण लाज हे नव्हतं. पहिलं कारण बाबासाहेबांचं आहे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं आणि मागून आणलेले तुकडे सोडा, असं बजावलं. त्यात मांसाहाराला वाईट म्हणायचा हेतू नव्हता. लादलेलं अन्न नाकारा आणि काय खायचं ते स्वतः ठरवा, हा त्याचा अर्थ. म्हणजे दारिद्र्यात जे खावं लागलं त्या सगळ्याची झेंडा म्हणून मिरवणूक काढणं हे आपलं काम नाही, आणि ते लपवणं हेही नाही. घरी सुकट शिजते, पुढंही शिजेल, कुणी विचारलं तर सांगूही.

दुसरं कारण डावपेचाचं आहे. मांसाचा पदार्थ नेला की चर्चा मांसावर जाते. "आम्ही खात नाही हो, त्यात जातीचा काय संबंध?" असं म्हणून माणूस सुटतो. आम्हाला त्याला सोडायचं नव्हतं. मांसाच्या आड लपलेला जो खरा प्रश्न आहे तो हाताचा आहे. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, यावर ही व्यवस्था उभी आहे.

याला पुण्याइतकी साक्ष दुसरं कुठलं शहर देणार? 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढं आली म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहात मांस नव्हतं. मिशनऱ्याचा हात होता. हे जुनं झालं म्हणाल तर 2017 चा सप्टेंबर आठवा. पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी स्वयंपाकाच्या बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली की त्यांनी जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला. उपग्रहाची चित्रं वाचणाऱ्या खात्यातली ही गोष्ट. ती स्वयंपाकी बाई मराठा समाजाची होती. तक्रार पुढं मागं घेतली गेली, पण मनातलं बाहेर आलंच. तिथला पदार्थ तर सोवळ्यातला, शुद्ध शाकाहारी होता! आणि मांसाच्या नावाखाली काय चालतं ते पवईच्या आयआयटीनं 2023 साली दाखवलं. वसतिगृहाच्या खानावळीत काही टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखली गेली आणि त्याला विरोध केला म्हणून विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड लावला गेला.

म्हणून आम्ही असा पदार्थ शोधला ज्याला नाही म्हणायला कारणच उरू नये. शाकाहारी असावा, वासाचा नसावा, फार तिखट नसावा आणि प्रत्येक मराठी घरात होत असावा. ठेचा बाद झाला, कारण "पोटाला सोसत नाही" ही पळवाट राहते. शेवटी ठरला कांद्याच्या पातीचा कोरडा झुणका आणि बाजरीची भाकरी.

झुणक्याला या प्रश्नात आधीपासून जागा आहे. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी 'झुणका-भाकर सत्यनारायण' चालवला. दलित जोडप्याला पूजेला बसवायचं आणि प्रसाद म्हणून सगळ्यांनी मिळून झुणका-भाकर खायची. सत्यनारायण आपल्याला नको, 22 प्रतिज्ञांनंतर तो विषय आपल्यापुरता संपला. पण प्रसादाच्या शिऱ्याऐवजी झुणका निवडण्यात त्या माणसाला हाताचा प्रश्न कळला होता, हे मान्य केलं पाहिजे. पुढं 1995 साली आलेल्या युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली आणि तो पदार्थ अख्ख्या महाराष्ट्राचा म्हणून मिरवला. मग तो बौद्धवाड्यातून आला तर कुणाची हरकत असायचं कारण नाही.

30 तारखेला रात्री पात चिरून ठेवली. सकाळी लवकर उठून मोहरी, जिरं, भरपूर लसूण, थोडं तिखट आणि हळदीची फोडणी दिली, त्यात पात परतली, वरून हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पेरलं आणि झाकण ठेवून वाफ काढली. लोखंडी कढईला धरलेली खरवड आईनं वेगळी काढून दिली. भाकरी बहिणीनं आणि आईनं मिळून थापल्या, दोघा पोरांनी भाजल्या. मग प्रत्येक भाकरीचे चतकोर करून फडक्यात बांधले. डब्यावर चिठ्ठी लावली, 'पातीचा झुणका, बाजरीची भाकरी. आमच्या आईनं आणि आम्ही केलेला. बौद्धवाडा, पाबळ.'

या चिठ्ठीवर आमच्यात बराच वाद झाला होता. वस्तीचं नाव कशाला, असा एकाचा प्रश्न. पण इतर डब्यांवरही 'कोकणस्थी पद्धत', 'आमच्या देशमुखांकडची' अशा चिठ्ठ्या लागतात आणि त्या कौतुकानं वाचल्या जातात. त्यांना घराणं सांगता येतं तर आम्हालाही वस्ती सांगता येते.

झालं काय ते जसंच्या तसं सांगतो. तीस-पस्तीस माणसं होती. बरीच जेवली. शेतकऱ्याच्या घरातल्या एका सहकाऱ्यानं खरवड मागून घेतली आणि त्याची आजी असाच झुणका करायची म्हणाला. दोघींनी कृती लिहून घेतली. चार-पाच जणांनी चिठ्ठी वाचली आणि पुढं सरकले. एकानं आपणहून कारण दिलं, "मला बेसन चालत नाही." त्याच्या ताटात दोन कांदाभजी होती. आम्ही काही बोललो नाही. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या सहकाऱ्यानं त्याच्या ताटाकडं बघितलं, मग चिठ्ठीकडं बघितलं. एवढं पुरे होतं.

पण त्या दिवशी खरी परीक्षा टेबलावर नव्हती, दाराबाहेर होती. हाउसकीपिंगच्या दोन मावश्या हातात फडकं घेऊन उभ्या होत्या. दर वर्षीची रीत अशी की सगळ्यांचं झालं की उरलेलं चांदीच्या कागदात बांधून त्यांना द्यायचं. देणाऱ्याला आपण उदार आहोत असं वाटतं. ज्या समाजानं 1927 ला उष्टं सोडायचं ठरवलं, त्या समाजाच्या पोरांनी हे रोजच्या डोळ्यांनी बघत राहायचं का? आम्ही जेवायला बसायच्या आधी त्यांना हाक मारली, "मावशी, ताट घ्या, आमच्यासंगं बसा." एक मावशी म्हणाली, "नको बाळा, साहेब बघत्यात." दुसरी मात्र आली, बसली, झुणका खाल्ला आणि म्हणाली, "लसूण आजून लागत हुता." त्या दिवशीची सगळ्यात खरी दाद तीच.

महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर काय झालं ते आपण विसरतो. सवर्णांचा जमाव मंडपावर चालून आला, जेवणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली आणि अन्न मातीत मिसळलं गेलं. पाण्याच्या हक्काचा सूड ताटावर निघाला. त्यामुळं ताट हा किरकोळ विषय आहे असं निदान आपण तरी म्हणू नये.

त्याचबरोबर एक गोष्ट बजावून सांगतो. झुणका संपला म्हणजे जात संपली असं समजू नका. सहभोजनानं जात मोडलेली नाही, हे बाबासाहेबांनीच स्पष्ट लिहून ठेवलंय. जात मोडायला आंतरजातीय विवाह हवा आणि तिच्या मुळाशी असलेल्या धर्मशास्त्रांचा अधिकार नाकारायला हवा. ज्या सहकाऱ्यानं खरवड मागून खाल्ली तो उद्या बहिणीचं लग्न ठरवताना काय करेल हे झुणक्यानं ठरत नाही. ऑफिसातल्या पॉटलककडून आम्ही एवढीच अपेक्षा ठेवतो की तिथं कामाची उतरंड उघडी पडावी आणि ती बदलायची मागणी करता यावी.

ती मागणी आम्ही जानेवारीत लेखी दिली. एक, पत्रावळी, पाणी आणि टेबल पुसणं हे काम कुणाच्या नावावर आधी लिहायचं नाही, आद्याक्षराप्रमाणं पाळी लावायची, साहेबांसकट. दोन, सफाईच्या मावश्या आणि गेटवरचे रखवालदार यांची नावं जेवणाऱ्यांच्या यादीत घालायची, उरलेलं बांधून द्यायची रीत बंद करायची. तीन, 'उग्र वास' हा शब्द सूचनेतून काढायचा. पहिली मागणी मान्य झाली. पुढच्या वेळी पत्रावळी विभागप्रमुखांकडं आहेत, कारण त्यांचं नाव 'अ'वरून सुरू होतं. तिसरीवर "बघू" असं उत्तर आलं. दुसरीवर काहीच उत्तर आलेलं नाही. तिचा पाठपुरावा चालू आहे.

गावात येसकराला पाळी होती आणि ती पिढ्यान्पिढ्या एकाच वस्तीकडं राहिली. पाळी सगळ्यांना असेल तरच तिला पाळी म्हणता येईल. तुमच्या ऑफिसातला तक्ता उघडून बघा. 'इतर'च्या रकान्यात कुणाची नावं आहेत ती मोजा. तुमचं असेल तर खोडा आणि घरी जे कोरड्यास होतं ते लिहा. दुसऱ्या कुणाचं असेल, मावशीचं असेल, दादाचं असेल, तर त्यांच्यासाठी जागा मागा. एकट्यानं जमत नसेल तर दोघं-तिघं मिळून करा. आम्हीही तिघं होतो म्हणूनच जमलं.

जय भीम!